जुन्या कॉमेड्या आणि राजकीय डॉक्युमेंटऱ्या : एका हौशी प्रेक्षकाची मतं

आडवळण

आधीच सांगतो, मी समीक्षक वगैरे नाही. रत्नागिरीजवळ आंबा-काजूचा छोटा धंदा आहे. आंबा संपला, पाऊस लागला की संध्याकाळी हाताला काम नसतं. लाइट असली तर नेटही असतं. त्यामुळे पावसाळ्यात मी दोनच गोष्टी बघतो, जुन्या कॉमेड्या आणि राजकारणावरच्या डॉक्युमेंटऱ्या. घरचे म्हणतात, एक काहीतरी धड बघ.

पण बघता बघता एक मत बनलंय, ते इथे टाकतो. फोडून काढा. वीस-तीस वर्षं उलटली की चांगल्या कॉमेडीची डॉक्युमेंटरी होते, आणि सरकारी डॉक्युमेंटरीची कॉमेडी.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे कृपया खाली संवाद टाकत बसू नका. या वेळी बघताना मी फक्त खोलीकडे लक्ष दिलं. चार तरणे पोरगे, शहरात डोकं टेकायला जागा नाही, घरमालकिणीला हवीत जोडपी, मग दोघांना साड्या नेसवा. ही गोष्ट मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) ची. म्हणजे बावीस वर्षांनी तोच प्रश्न उचलून पुण्यात ठेवला तरी कोणाला तो शिळा वाटला नाही. सड्याफटिंग माणसाला खोली मिळवताना किती आणि कसलं खोटं बोलावं लागे, याची एवढी चोख नोंद दुसरीकडे कुठे असेल तर दाखवा.

दुसरा 'जाने भी दो यारों' (१९८३). कुंदन शाहनं एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशात, सात लाखांच्या आतबाहेर केलेला सिनेमा. बिल्डर, आयुक्त, पोलीस आणि पेपर सगळे एकाच ताटात, आणि नवाकोरा पूल पडतो. तेव्हा बघणाऱ्यांना हे जरा ताणलेलं वाटलं असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर खाली आले. फोनवर व्हिडिओ आले तेव्हा मला आधी आठवले ते सिनेमातले बिल्डर, तरनेजा आणि आहुजा. सिनेमात नवीन काही नव्हतं, आपल्याला कळायला चाळीस वर्षं लागली.

आता उलट बाजू. सरकारी डॉक्युमेंटऱ्या काढणारं फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं. थेटरवाल्याला मुख्य सिनेमाआधी त्यांची रीळ लावावीच लागे. त्यातल्या बऱ्याचशा आता नेटवर सापडतात. मंत्री येतात, फीत कापतात, धरणाचं पाणी सुटतं, शेतकरी आकाशाकडे बघून हसतो, आणि मागे तो धीरगंभीर आवाज देशाचं भवितव्य सांगत असतो. शेतकऱ्याला कोणी काही विचारत नाही. मी एकटाच बघत होतो, तरी मोठ्याने हसलो.

अपवाद आहेत. एस. एन. एस. शास्त्रींची 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) फिल्म्स डिव्हिजनचीच. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या, विशीच्या पोरांना बोलतं केलंय. देशावर आपलं प्रेम नाही, आणि असलं तरी सांगायचं कोणाला, असं एक जण कॅमेऱ्यासमोर बोलून जातो. सरकारी खर्चानं, १९६७ साली! ही मात्र कॉमेडी झाली नाही. कारण तिथे माणसाला बोलू दिलंय.

तुमचं काय मत?

शिळोप्या

पहिला मी. +१.

आमच्याकडे तंबूतल्या टॉकीजला न्यूजरील लागली की अर्धे लोक विडी ओढायला बाहेर. पुरात हेलिकॉप्टरमधून पाहणी चालू असली तर मात्र थांबायचे. हेलिकॉप्टर बघायला मिळायचं ना.

पडदानशीन

मांडणी चटकदार आहे, पण अर्धीच खरी. राजकीय डॉक्युमेंटरी म्हटल्यावर फिल्म्स डिव्हिजन हा सोपा बकरा झाला. आनंद पटवर्धनांचं नावही न घेता हा धागा कसा काय सुरू होतो?

'हमारा शहर' (१९८५) बघा. मुंबईत झोपड्या तोडताहेत. 'राम के नाम' (१९९२) बघा. त्यातले अयोध्येचे पुजारी लालदास शांतपणे, अगदी घरात बसून बोलावं तसं बोलतात. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. हे माहीत असताना तो भाग पुन्हा बघून दाखवा. किती वर्षं गेली? त्याची कॉमेडी झाली का? 'जय भीम कॉम्रेड'ला (२०११) चौदा वर्षं लागली. सुरुवात १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारापासून आणि शाहीर विलास घोगरेंच्या आत्महत्येपासून होते.

आणि एक. पुलाचं खापर कॉमेडीच्या डोक्यावर श्रेय म्हणून फोडू नका. पूल सिनेमाआधीही पडत होते.

आडवळण

पडदानशीन, मी 'सरकारी' डॉक्युमेंटरी म्हटलंय, शब्द मोजून. पटवर्धनांना हात लावायची माझी टाप नाही. पण 'जय भीम कॉम्रेड'चंच घ्या. तीन तासांहून जास्त लांब आहे, विषय जिवावरचा, तरी मला तो सलग बघवला, कारण त्यातली माणसं गातात, टोमणे मारतात, स्वतःवर हसतात. शाहिरांचा विनोद काढून घेतला असता तर तो अहवाल झाला असता. माझं म्हणणं त्यामुळे थोडं पुढे सरकतं. ज्या डॉक्युमेंटरीत माणसं स्वतः हसतात ती टिकते. ज्यात कोणीच हसत नाही तिला पुढे आपण हसतो.

परदेशीपैकी 'द ग्रेट डिक्टेटर'वर (१९४०) एक आगाऊ मत देतो. शेवटचं भाषण मला आवडत नाही. दोन तास ज्यानं हावभावांनी त्या माणसाची हवा काढली, तोच शेवटी माइकसमोर उभा राहून नीट, सज्जन भाषण करतो. पृथ्वीच्या फुग्याशी खेळतानाचा तो नाच आहे ना, त्यात सगळं सांगून झालेलं असतं.

पडदानशीन

असहमत, आणि जोरात असहमत. १९४० साली अमेरिका युद्धात उतरलेलीसुद्धा नव्हती. तेव्हा तोंड उघडून बोलणं हेच धाडस होतं. चॅप्लिननं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की छळछावण्यांमध्ये खरंच काय चाललंय हे कळलं असतं तर आपण हा सिनेमा केला नसता. म्हणजे विनोदाला सीमा आहे हे तो स्वतः सांगतोय.

तुमच्या धाग्यात शोभेल असा एक किस्सा मात्र देतो. लेनी रीफेनश्टालचा 'ट्रायम्फ ऑफ द विल' (१९३५) म्हणजे नाझी प्रचारपटांचा राजा. दिग्दर्शक बुन्युएलनं आपल्या आठवणींत लिहिलंय की तो बघताना चॅप्लिन हसून हसून लोळला, आणि शेजारी बसलेला फ्रेंच दिग्दर्शक रेने क्लेअर घाबरला. तेच दृश्य, तेच संचलन. तुमच्या वीस-तीस वर्षांचं काय करायचं मग? चॅप्लिनला तर लगेच हसू आलं.

आडवळण

किस्सा झकास. पण चॅप्लिनची नजर आपल्याकडे कुठे? आपल्यासारख्यांना थांबावं लागतं.

चाकरमानी

गणपतीला गावी जाताना आम्ही भाड्याचा व्हीसीआर आणि कॅसेटी घेऊन जायचो. आरती झाली की सगळी वाडी आमच्या पडवीत. 'धूमधडाका', 'गंमत जंमत', 'बनवाबनवी'. गावातल्या म्हाताऱ्या लक्ष्याला नावाने हाका मारायच्या, नातू असल्यासारख्या. हे रंजन खरंच, पण ते बघणारे कोण होते तेही सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गावी परत आलेले आमचे काका-मामा त्या पडवीत मागे, भिंतीला टेकून बसलेले असत. खोली सोडून आलेली माणसं ती. शहरात खोली न मिळणाऱ्या चार पोरांची गोष्ट बघून ते सगळ्यात जास्त हसायचे.

पटवर्धनांची 'ऑक्युपेशन : मिल वर्कर' (१९९६) नावाची छोटी फिल्म आहे. बंद पडलेल्या गिरणीत कामगार घुसतात आणि ती ताब्यात घेतात. ती गावात कोणी दाखवली नाही. दाखवली असती तर काका बघत बसले असते की उठून गेले असते, मला खरंच सांगता येत नाही.

मालवणी तिखट

आडवळणानू, पुलाचा सोडा. 'जाने भी दो'तलो तो म्हाभारताचो शीन बघून तुमका 'वस्त्रहरण' आठवला नाय? कमाल आसा. गवाणकरांचा नाटक १९८० चा, शिनेमा १९८३ चो. थंय मेलेल्या आयुक्ताक द्रौपदी केल्यानी, हंय गाववाल्यांनी जित्या नाटकाचो मुडदो पाडल्यानी. कोणी कोणाचा चोरला असा माझा म्हणना नाय. आमच्या हंय धयकाल्यात (दशावतारात) राजा मुकुट काढून आडोशाक बिडी वढता ता पोरांनी ल्हानपणापास्ना बघलेला आसता. द्येव आणि पुढारी मागच्या बाजून कशे दिसतत ह्या शिकवूक लागणा नाय.

मच्छिंद्र कांबळींचो तात्या सरपंच बघा. गावचो पुढारी तोच, डायरेक्टर तोच, आणि घोळ झालो काय दुसऱ्याच्या नावान शिमगो. ग्रामपंचायतीर येगळी डॉक्युमेंटरी काढूची गरजच नाय. पाच हजाराच्या वर प्रयोग झाले, लंडनाक जाऊन इले. सुरवातीक नाटक चलत नाय होता, पुलंचा पत्र इला आणि मगे गाडी सुटली.

शिळोप्या

तिखट, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. घरातले बघायला आले.

देवबागची

तिखटदादा, सगळं मान्य. पण त्यातच माझी एक जुनी तक्रार दडलीय.

'वस्त्रहरण'मध्ये सगळेच मालवणी बोलतात. त्यामुळे तिथे हसू येतं ते माणसांचं, त्यांच्या खोडीचं, अडाणी आत्मविश्वासाचं. नंतरच्या सिनेमा-मालिकांत काय झालं? मालक प्रमाण मराठी, मालकीण प्रमाण मराठी, हिरो प्रमाण मराठी, आणि मालवणी कोण, तर गडी. नाहीतर वॉचमन. त्यानं 'काय ता' म्हटलं की मागे टुंग करून संगीत वाजणार. बोलला म्हणूनच विनोद झाला, काय बोलला याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. लहानपणी आम्हीही हसायचो. मुंबईला कॉलेजात गेल्यावर माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि अख्खा वर्ग तसाच हसला, तेव्हा ते संगीत मला ऐकू आलं.

आता डॉक्युमेंटऱ्या. तिथे बरोबर उलटं. आमच्या किनाऱ्यावर कोणी कॅमेरा घेऊन आलं की बाईला होडीच्या बाजूला बसवतात, मागे समुद्र, आणि सांगतात, ताई, जरा सगळ्यांना समजेल असं बोला. ताई बिचारी शाळेतलं मराठी आठवून आठवून बोलते. 'शासनाने आमच्याकडे लक्ष द्यावे.' तीच ताई कॅमेरा बंद झाल्यावर शासनाबद्दल जे बोलते ना, ते खरं रेकॉर्ड करायला हवं! आमच्या बायका बाजारात पाटी लावतात तेव्हा गिऱ्हाइकाची, नवऱ्याची, तहसीलदाराची एका दमात अशी काढतात की तात्या सरपंच पाणी भरेल. पण डॉक्युमेंटरीत आम्ही कायम हात जोडलेले आणि डोळे पाणावलेले.

म्हणजे कॉमेडीवाल्यांनी आमची बोली घेतली आणि दुःख टाकलं. डॉक्युमेंटरीवाल्यांनी दुःख घेतलं आणि बोली टाकली. आडवळणदादा, तुमच्या वीस-तीस वर्षांच्या हिशेबात हे कुठे बसतं सांगा.

मालवणी तिखट

ताई, ह्येच्यार माका काय बोलूचाच नाय. बराबर आसा.

रापणकर

देवबागताईंना अनुमोदन. वडील रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला) जायचे, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलतो.

पटवर्धनांचीच 'फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड' (१९९८) आहे. मोठमोठी जहाजं समुद्र खरवडून नेतात आणि छोटा मच्छीमार त्याविरुद्ध उभा राहतो, असा विषय. चांगली आहे, बघाच. पण आज त्यातला शत्रू बदललाय. तेव्हा समोर कंपनीचं जहाज होतं, घोषणा द्यायला सोपं. आता पर्ससीनवाला (मोठ्या जाळ्यानं माशांचा अख्खा थवा वेढून उचलणारा) आणि एलईडी लावून रात्री मासे पळवणारा बाजूच्या वाडीतलाच असतो, कधी कधी मेव्हणाच असतो. राज्यानं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. त्यानंतर दोन्ही बाजूंचे मोर्चे एकाच कार्यालयावर गेलेले मी बघितलेत. सकाळी एकमेकांविरुद्ध निवेदनं आणि संध्याकाळी एकाच लग्नाच्या पंगतीत.

हे गंभीर चेहऱ्यानं दाखवलं तर खोटं वाटेल आणि नुसतं हसत दाखवलं तरी खोटं वाटेल. दोन्ही जमणारा कोणी असेल तर त्यानं यावं, जेवण आमच्याकडे. फक्त १ जून ते ३१ जुलै येऊ नये. मासेमारी बंद असते, डाळभात मिळेल.

आडवळण

देवबागताई, प्रामाणिकपणे, माझ्या हिशेबात ते बसत नाही. मी बघणाऱ्याच्या बाजूनं बोलत होतो, तुम्ही पडद्यावर ज्यांना बसवतात त्यांच्या बाजूनं बोलताय. 'आय अ‍ॅम ट्वेंटी'बद्दल मी जे म्हटलं, माणसाला बोलू दिलं म्हणून ती टिकली, त्याला तुमच्यामुळे शेपूट जोडतो : त्याच्या तोंडी जे असेल त्यात बोलू दिलं तर. ती पोरं बहुतेक इंग्रजीत बोलतात, हेही आता खटकायला लागलं.

पडदानशीन

आता धागा रुळावर आला.

विनोद आणि राजकारण यांच्या मधला एक सिनेमा राहिला, जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९). अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. कॉमेडी नाही आणि डॉक्युमेंटरीही नाही. तरी निळू फुल्यांचा पत्रकार दिगू शेवटी जे करतो त्याला हसणं म्हणायचं की दुसरं काही, यावर आमच्या घरात अजून भांडण होतं.

गुहागरी

उशिरा आलो. 'एन्रॉन : द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम' (२००५) कोणी बघितलाय का? अ‍ॅलेक्स गिबनीची डॉक्युमेंटरी, ऑस्करच्या नामांकनात होती. मी ती लावली ती फक्त एन्रॉनचा आपल्याकडचा दाभोळ वीजप्रकल्प कधी येतो हे बघायला. येतो आणि काही मिनिटांत जातो. त्यांचा विषय हिशेबातली लबाडी. जो नफा कधी आलाच नाही त्याच्यावर अधिकाऱ्यांनी बोनस उचलले, एवढ्यापुरतं आमचं अंजनवेल. त्यांच्या जागी ते बरोबरच आहेत म्हणा.

पण आपल्या बाजूची गोष्ट नुसती क्रमानं लावून बघा. डिसेंबर १९९३, वीज मंडळाशी करार. १९९५, प्रकल्प समुद्रात बुडवू अशी निवडणुकीत गर्जना, सरकार बदललं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द. १९९६ उजाडता उजाडता तोच प्रकल्प समुद्रातून वर आला, आणि येताना आधीपेक्षा मोठा होऊन आला. मे १९९६, दिल्लीत तेरा दिवसांचं सरकार. बहुमत नाही, उद्या राहतो की नाही माहीत नाही, पण या प्रकल्पाच्या प्रतिहमीला (राज्यानं पैसे थकवले तर केंद्र भरेल, या हमीला) मंजुरी द्यायला त्यांना वेळ मिळाला. मे १९९९, वीज सुरू. २००१, वीज घेणं परवडत नाही म्हणून बंद. डिसेंबर २००१, खुद्द कंपनीचंच दिवाळं.

आणि या सगळ्या काळात गुहागर तालुक्यात लोडशेडिंग. हे कुंदन शाहनं लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, जरा अती झालं.

शिळोप्या

प्रतिहमीचं विसरलोच होतो! धोपाव्याच्या फेरीबोटीत बसून तो प्रकल्प बघायचा आणि बोटीवरच्या लोकांनी त्याला काय काय नावं ठेवायची, तीच एक डॉक्युमेंटरी झाली असती.

संपादक मंडळ

चर्चा छान चालली आहे. पक्ष आणि हयात नेत्यांवर घसरू नये. मालवणच्या पुतळ्याविषयीचे दोन प्रतिसाद काढले आहेत, तो विषय सिनेमाचा नाही.

देवबागची

संपादकांशी वाद नाही, पण मालवणात राहून तो विषय डोळ्यांआड करता येत नाही एवढंच नोंदवते.

गुहागरीदादा, पटकथा भारी. पण त्यात एक पान कमी आहे. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं १९९९ साली एन्रॉनवर अख्खा अहवाल काढला. जून १९९७ मध्ये प्रकल्पाजवळच्या वेलदूर गावात पहाटे पोलीस घरात शिरले आणि बायकांना मारत बाहेर काढलं, हे त्यात आहे. तुमच्या कॉमेडीत ते कुठे घालणार? गाणं लावून पुढे सरकणार का?

आडवळण

'जाने भी दो'मध्ये तसं सरकले नाहीत. शेवटी ते दोघे निर्दोष पोरगे कैद्याच्या कपड्यात चालत येतात, पार्श्वभूमीला तेच आशेचं गाणं, आणि थेटरातलं हसू तिथे थांबतं. वेलदूरही तिथेच यायला हवं, शेवटाला. हसून झालेल्या माणसासमोर.

देवबागची

शेवटाला नको. शेवटाला ठेवलं की लोक हळहळून घरी जातात. मध्येच ठेवा, आणि नंतर पुन्हा हसवून दाखवा. जमलं तर दिग्दर्शकाला मानीन.

गुहागरी

ताई, हे वेलदूरच्या बायकांनाच विचारून ठरवावं लागेल. त्यातल्या बऱ्याच जणी अजून आहेत, आणि कोणाला कुठे हसायचं हे त्या बरोबर सांगतील.

माझी एकच अट. गावची माणसं गावचंच बोलतील, खाली तळटीप लावा हवी तर. आणि अमेरिकन साहेबांचं डबिंग करा मालवणीत. कोटटायवाला गोरा माणूस उभा राहून मंत्रालयात मालवणी झाडतोय, आणि मागे संगीत अजिबात नाही.

मालवणी तिखट

असा आसात तर सायबाचो रोल माझो. कोट आसा माझ्याकडे, लग्नातलो.